गॅस संपत नाही, गळतो

शव्वालचा महिना सरत आला होता. बीडला आमच्या भाचीचा निकाह असरनंतर ठरला होता, आणि सोलापूरहून निघायला आम्हाला साडेदहा वाजले. लग्नघरी निघताना उशीर होतोच. कोणाची चप्पल सापडत नाही, कोणाचं दूध तापायचं राहिलेलं असतं. गाडीत आम्ही दोघे, गाडी चालवायला थोरला मुलगा, सूनबाई, तिच्या मांडीवर सात महिन्यांचा नातू, आणि मागच्या सीटवर खिडकीशी चौऱ्याहत्तर वर्षांच्या अम्मी. अम्मींना रक्तदाब आहे, साखर आहे, रोज इन्सुलिन लागतं. निकाह त्यांच्या नातीचा. त्यांनी आठ दिवस आधीच बॅग भरून ठेवली होती.

गाडी जुनी, दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या माणसाकडून घेतलेली. घेताना त्यांनी एसी लावून दाखवला होता, अगदी बर्फासारखा. पुढच्या उन्हाळ्यात तो गरम झाला. गल्लीजवळच्या दुकानात नेली, त्यांनी दहा मिनिटांत गॅस भरला, पैसे घेतले, गाडी थंड झाली. चार महिन्यांनी परत तेच, आणि या वर्षी रमजानच्या आधी तिसऱ्यांदा. दरवेळी दुकानदार एकच वाक्य बोलायचा: "उन्हाळ्यात गॅस कमी होतोच, साहेब." आम्हाला ते पटायचं. घरातला स्वयंपाकाचा सिलिंडर संपतो, तसा हाही संपत असेल, असा आमचा साधा हिशोब.

तुळजापूरपर्यंत गारवा ठीक होता. धाराशिव बायपासला वाहनांची रांग लागली, गाडी थांबत थांबत चालू लागली आणि झोतातून येणारी हवा कोमट झाली. रस्ता मोकळा झाला की थोडी गार, थांबलं की गरम. येडशीच्या अलीकडे टेकड्या सुरू होतात तिथे एका मालट्रकच्या मागे आम्ही बराच वेळ रांगत होतो, तेव्हा तर भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. बाहेर बेचाळीसच्या आसपास. काचा खाली केल्या तर झळा, वर केल्या तर कोंडमारा. नातू रडून रडून लाल झाला. अम्मी मात्र गप्प होत्या. त्यांचं गप्प असणं आम्ही समजूतदारपणा समजलो. सूनबाईंनी मागे वळून हात लावला, तर अंग तापलेलं, ओठ कोरडे, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर उशिरा येत होतं.

येडशी हे चौरस्त्याचं गाव. सोलापूर-धुळे महामार्ग इथून उत्तरेला तेरखेडा, वाशी, चौसाळा करत बीडकडे जातो, आणि बार्शीहून ढोकी, मुरूडमार्गे लातूरला जाणारा रस्ता त्याला इथेच छेदतो. अशा गावात पंक्चरवाले, वेल्डिंगवाले, बॅटरीवाले, चहावाले आपोआप जमतात. रस्त्याकडेला कडुनिंबाखाली एका गॅरेजवर 'एसी काम' असं हाताने लिहिलेलं दिसलं आणि मुलाने गाडी तिथेच वळवली.

मिस्त्री चाळिशीचे, हातात चहाचा कप. त्यांनी बॉनेटकडे पाहिलंच नाही, आधी मागच्या सीटकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी आजींना उतरवा. गाडीचं नंतर बघू."

गॅरेजच्या मागेच त्यांचं घर. त्यांच्या घरच्यांनी अम्मींना धरून आत नेलं, खाली सतरंजी अंथरली, ओल्या फडक्याने मान, काखा, हात पुसले, पंखा लावला आणि माठातलं पाणी घोट घोट पाजलं. आमच्या बॅगेत ओआरएसची पुडी होती, ती कालवली. वीसेक मिनिटांनी अम्मी नीट बोलू लागल्या. पहिलं वाक्य: "निकाह किती वाजता आहे?"

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगतो, कारण आमच्याकडून ती चुकत होती. म्हातारं माणूस उन्हात तक्रार करत नाही. वयाबरोबर तहान लागल्याचं कळणं कमी होतं, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी अंगातलं पाणीही जास्त बाहेर पडतं. अंग तापलेलं आहे, बोलण्यात गोंधळ आहे, माणूस सुस्तावलं आहे, तर तो थकवा समजू नये. सावलीत न्यावं, कपडे सैल करावेत, ओल्या कापडाने आणि वाऱ्याने अंग गार करावं आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. आमच्यावर ती वेळ आली नाही, अल्हमदुलिल्लाह. इन्सुलिनचीही तीच कथा. ते तापलेल्या गाडीत ठेवायचं नाही आणि बर्फाला चिकटवूनही ठेवायचं नाही, गोठलं की ते निकामी होतं. मिस्त्रींच्या घरच्यांनी आमची कुपी एका वाटीत घालून माठाशेजारच्या ओल्या फडक्याजवळ ठेवली. फ्रीज नसताना याहून बरं काय असणार!

आता मिस्त्री गाडीकडे वळले. मुलगा म्हणाला, "गॅस संपलाय, भरून द्या. आम्हाला पाचच्या आत बीडला पोचायचंय."

"गॅस संपत नाही," मिस्त्री म्हणाले. "गळतो."

हे वाक्य आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. गॅस तीनदा भरून झाल्यावर.

मग त्यांनी काम करता करता जे सांगितलं, ते आम्ही नंतर नीट समजून घेतलं. माठातलं पाणी थंड का राहतं? माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता बरोबर घेऊन जातं. सुई टोचण्याआधी नर्स स्पिरिट लावते तेव्हा जागा गार वाटते, तेही याच कारणाने. गाडीचा एसी म्हणजे हेच, फक्त उडालेली वाफ वाया न घालवता परत पकडून आणलेली. डॅशबोर्डच्या आत एक जाळीदार पेटी असते, तिला मिस्त्री लोक कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्यात गॅस उडतो आणि आतली हवा गार होते. उडालेला गॅस कॉम्प्रेसर ओढून घेतो, दाबतो, आणि दाबल्यामुळे तापलेला गॅस गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरकडे पाठवतो. तिथे बाहेरची हवा लागून तो निवतो, परत द्रव होतो, मधे एका सुकवणाऱ्या बाटलीतून जातो, पुढे एका बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हमधून सुटतो आणि पुन्हा कॉइलमध्ये उडतो. सगळा रस्ता बंद. पेट्रोलसारखा तो जळत नाही, सिलिंडरसारखा संपत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो, म्हणून तर तो एवढा गारवा देतो. गाडीत तो असतो तरी किती? लहान गाडीत साधारण अर्धा किलोच्या आत. वर्षानुवर्षं रबरी नळ्यांतून, सांध्यांतून चिमूटभर झिरपणं वेगळं, पण चार महिन्यांत गाडी गरम होत असेल तर कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

मिस्त्रींनी सुरुवातीला एकही अवजार हातात घेतलं नाही, फक्त प्रश्न विचारले. गरम कधी होते? चालताना की थांबल्यावर? सुरुवातीपासून गरम, की अर्ध्या तासाने? झोत कमी येतो, की झोत जोरात आहे पण हवा गरम आहे? मुलाने सांगितलं: चालताना थंड, थांबलं की गरम. मिस्त्रींनी इंजिन सुरू करायला लावलं, एसी लावला आणि समोर वाकून बघितलं. "हा फिरत नाही," ते म्हणाले.

कंडेन्सरला हवा दोन मार्गांनी मिळते, गाडी पळत असते तेव्हा वाऱ्याने आणि गाडी थांबते तेव्हा पंख्याने. आमच्या गाडीत रेडिएटरचा पंखा वेगळा आणि एसीचा वेगळा, आणि एसीचा बंद पडला होता. म्हणूनच इंजिनच्या तापमानाचा काटा जागच्या जागी होता आणि आम्हाला शंका आली नाही. ज्या गाड्यांत एकच पंखा दोन्ही कामं करतो, तिथे पंखा बंद पडला की काटाही चढतो; तेव्हा मात्र गाडी ताबडतोब बाजूला घ्यावी, नाहीतर इंजिनच जातं. मिस्त्रींनी फ्यूज बघितला, तो शाबूत. रिले बदलून बघितला, काही नाही. मग बॅटरीवरून दोन वायरी थेट पंख्याला लावल्या, तरी हालचाल नाही. पान्याच्या दांड्याने मोटारीवर हलकेच ठोकलं तर पंखा चार गरके मारून थांबला. "कार्बन संपलाय आतला. हा किती दिवस असाच अडखळत असणार. तुमच्या दुकानदाराने एकदा वाकून बघितलं असतं तर कळलं असतं."

आम्ही काही बोललो नाही. त्या दुकानदाराचं नाव इथे लिहायचं कारण नाही. तो एकटा थोडाच आहे? आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

पंख्याच्या मागे दुसरी गोष्ट दिसली. कंडेन्सरच्या बारीक पत्र्यांत भुसा, किडे, धूळ यांचा थर. रब्बीची मळणी झालेली, सगळ्या रस्त्यांवर गव्हा-हरभऱ्याचा भुसा उडत असतो आणि गाडी तो तोंडाने ओढून घेते. आपण गाडी धुतो ती बाहेरून, चकाकण्यापुरती. मिस्त्रींनी साध्या नळीने, पाण्याचा जोर कमी ठेवून, तो थर धुतला. सर्व्हिसिंगच्या दुकानातला जोराचा फवारा इथे मारू नये, पत्रे वाकतात आणि हवा जायची वाटच बंद होते. आणि धुऊन झाल्यावर खालच्या उजव्या कोपऱ्यात तिसरी गोष्ट: हाताच्या तळव्याएवढा तेलकट काळा डाग. त्यावर त्यांनी साबणाचं पाणी लावलं. बघता बघता एक बारीकसा बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला.

"ही तुमची चार महिन्यांची गळती."

गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. गॅस जिथून निसटतो तिथे तेलाचा थेंबही बाहेर येतो, त्यावर धूळ चिकटते आणि डाग पडतो. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा लागला असेल. अशी खूण नळ्यांच्या सांध्यांवर, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी कुठेही दिसू शकते आणि ती बघायला मिस्त्री लागत नाही. बॉनेट उघडून डोळ्यांनी बघता येते. गळती डॅशबोर्डच्या आतल्या कॉइलला असेल तर मात्र दिसत नाही. तेव्हा रंगीत द्रव सोडून निळ्या बॅटरीने बघतात किंवा नायट्रोजनचा दाब देऊन शोधतात. ते खर्चाचं काम, कारण डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

घड्याळात एक वाजून गेला होता. आमच्यापुढे आता तीन वाटा होत्या. काचा उघड्या ठेवून लगेच निघायचं आणि निकाह गाठायचा. गॅस भरून निघायचं, तोही गळणाराच. किंवा पंख्याचं काम होईपर्यंत थांबायचं आणि निकाह चुकवायचा. मुलाचं म्हणणं, गॅस भरून घेऊ, दोन तास तर टिकेल. मिस्त्री म्हणाले, पंखा फिरत नसताना गॅस भरला तर दाब चढेल, थंड तर होणार नाहीच, वर एखादी नळी फुटेल. मग काचा उघड्या ठेवून? तेव्हा मिस्त्रींच्या घरच्या दारात येऊन म्हणाल्या, "आजींना आत्ता नेऊ नका. मी सांगते म्हणून नाही, त्यांचा हात धरून बघा."

आम्ही हात धरून बघितला. मग बीडला फोन केला. तिकडून भाऊजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, काझीसाहेबांना मगरिबनंतर दुसरीकडे जायचं आहे, निकाह वेळेवरच होईल, तुम्ही अम्मींना सांभाळून आणा. अम्मींना हे कोण सांगणार यावर आमच्यात थोडी कुजबुज झाली. शेवटी सूनबाईंनी सांगितलं. अम्मी "बरं" म्हणाल्या आणि जोहरसाठी वजूचं पाणी मागितलं.

मिस्त्रींनी मुलाला दुचाकीवर बसवून गावातल्या दुसऱ्या गॅरेजवर पाठवलं. तिथे आमच्याच मॉडेलच्या उतरवलेल्या गाडीचा पंखा मिळाला. तोपर्यंत सावलीत बसून गप्पा झाल्या. अम्मींचं माहेर लातूरचं. येडशीचं नाव निघाल्यावर त्यांना बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी आठवली. कुर्डुवाडी ते लातूर ती छोटी गाडी येडशीवरून जायची. लातूरपर्यंत ती १९११ मध्ये पोचली होती आणि आपल्या डोळ्यांदेखत तिचे रूळ मोठे झाले. लहानपणी अम्मी त्या गाडीने बार्शीला जात, खिडकीत ओला टॉवेल अडकवलेला आणि पायाशी पाण्याची सुरई. "हाच आमचा एसी," त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी मग रामलिंगच्या अभयारण्याची ताजी गोष्ट सांगितली, यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेल्या वाघाची. त्या वाघाला वाटेत कुठे गॅस भरावा लागला नाही, असं मुलगा म्हणाला. तेवढ्यात आम्ही सगळे पहिल्यांदा हसलो.

पंखा बसला. आता थांबलेल्या गाडीतही गारवा येऊ लागला, पण अर्धाच. मिस्त्रींनी दोन घड्याळांचा गेज लावला, निळं कमी दाबाचं, लाल जास्त दाबाचं. दोन्ही काटे जिथे हवेत त्याच्या खाली. दोन्ही दाब कमी म्हणजे गॅस कमी. लाल काटा फार वर असता तर कंडेन्सर तुंबलेला, पंखा बंद किंवा गॅस जास्त झालेला. आणि निळा वर, लाल खाली असता तर कॉम्प्रेसरच दमला आहे असं समजायचं. कॉम्प्रेसर म्हणजे दहा-पंधरा हजारांच्या पुढची गोष्ट, त्यामुळे हा फरक आधीच कळलेला बरा. इंजिन बंद असताना मात्र दोन्ही काटे एकाच जागी येऊन थांबतात आणि तो आकडा फक्त हवेच्या तापमानावर ठरतो. चाळीस अंशांना सुमारे १३० पीएसआय. म्हणून बंद गाडीला गेज लावून "गॅस फुल्ल आहे" सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. टाकीत थोडा द्रव उरला असेल तोवर तो आकडा तेवढाच दिसतो.

"आत्ता भरत नाही," मिस्त्री म्हणाले. "पंखा चालतोय, ऊन उतरलं की एवढा गारवा पुरेल. सोलापूरला गेल्यावर कंडेन्सर बदला, बरोबर ड्रायरची बाटलीही बदला, मग अर्धा तास व्हॅक्यूम आणि नंतर वजन करून गॅस." आमच्याकडून त्यांनी पंख्याचे आणि मजुरीचे पैसे घेतले. गॅस भरला असता तर दुप्पट मिळाले असते, आम्ही तर मागतच होतो.

व्हॅक्यूमचं कारण आम्ही नंतर सोलापुरात विचारलं. नळ्या उघडल्या की आत हवा आणि हवेतली ओल शिरते. व्हॅक्यूम पंपाने ती ओढून काढली नाही तर ओल त्या बारीक व्हॉल्व्हपाशी गोठते, तेलात मिसळते आणि आतून गंज धरते. पंप बंद केल्यावर काटा जागेवर राहतो की सरकतो, यावरून गळती उरली आहे का हेही कळतं. दहा मिनिटांत गॅस भरून देणाऱ्याने हे काहीच केलेलं नसतं. आणि वजन! बॉनेटच्या आत किंवा पुढच्या पट्टीवर एक छोटा स्टिकर असतो, त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. तेवढाच भरायचा. जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा हा गैरसमज आहे. जास्त झाला तर गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. कोणी स्वस्तातला, स्वयंपाकाच्या गॅससारखा पेटणारा गॅस भरत असेल तर लेकराबाळांच्या गाडीत तो घेऊ नये. कोणता गॅस, किती ग्रॅम, हे पावतीवर लिहून मागावं. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

गॅस हवेत सोडून देणाऱ्यांचंही एक सांगायचं राहिलं. जुन्या गाड्यांतला आर-१२ ओझोनचा थर विरळ करत होता, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने तो हळूहळू बंद केला. भारत त्या करारात १९९२ मध्ये आला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट जबर आहे. तोही कमी करण्याच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. म्हणजे आम्ही तीन वेळा भरलेला दीडेक किलो गॅस फक्त आमच्या खिशातून गेला नाही. मराठवाड्याच्या उन्हात आमचीही एक काडी पडली.

आता घरच्या घरी काय बघता येईल ते सांगतो, कारण दरवेळी गाडी रस्त्यावर थांबल्यावर असा मिस्त्री भेटेल असं नाही. झोतच कमी येत असेल तर गॅसचा संबंध नसतो. पुढच्या कप्प्यामागे केबिन फिल्टर असतो, तो काढून बघावा. आमच्यात निघालेला कडुनिंबाचा पाला बघून सूनबाईंनी नाक दाबलं. ही हवा आमचा नातू सात महिने घेत होता. काही जुन्या गाड्यांत हा फिल्टर नसतोच, तिथे कॉइलच मळते. सुरुवातीला छान गार आणि तासाभराने झोत मंदावत जाऊन बंद, थोडा वेळ एसी बंद ठेवला की परत गार, असं होत असेल तर कॉइलवर बर्फ साचतो आहे. तिथला तापमानाचा सेन्सर किंवा फिल्टर बघायला सांगावं. एसीचं बटण दाबल्यावर इंजिनकडून 'कट्' असा आवाज येतो, तो कॉम्प्रेसरच्या क्लचचा. आवाज आलाच नाही तर आधी फ्यूज आणि रिले. दर काही सेकंदांनी कट्-कट् होत असेल तर बहुधा गॅस कमी. (नव्या काही गाड्यांत क्लचच नसतो, तिथे आवाजाची वाट बघत बसू नये.) बॉनेटखालच्या एसीच्या दोन नळ्यांपैकी जाड नळी गार आणि घामेजलेली हवी. ती गार आहे आणि तरीही आत हवा गरम, तर गॅस ठीक आहे, हीटरचा पडदा उघडा राहिला आहे. हे काम शंभर-दोनशे रुपयांतही होऊन जातं आणि लोक त्यापायी गॅस भरून बसतात. गाडीखाली पडणारं पाणी ही तक्रार नव्हे, ते हवेतलं पाणी आहे. तेच पाणी पुढच्या पायपुसण्यावर दिसलं तर नळी तुंबली आहे. यापुढचं काही, म्हणजे नळ्यांचे नट सोडणं, स्वतः डबा आणून गॅस भरणं, करू नये. तो गॅस डोळ्यात किंवा हातावर उडाला तर थंडीने कातडी जळते.

उन्हात उभ्या गाडीत बसल्याबरोबर एसी पूर्ण लावून काचा बंद करणंही चूक. आधी चारही काचा उघडून थोडं अंतर जावं, तापलेली हवा बाहेर पडू द्यावी, मग काचा लावाव्या आणि आतली हवा फिरवायचं बटण दाबावं. लांबच्या सफरीत अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी, नाहीतर चालवणाऱ्याला पेंग येते. आणि एसी चालू आहे म्हणून लेकराला, म्हाताऱ्याला गाडीत ठेवून "दोन मिनिटांत येतो" म्हणत कुठेही जाऊ नये. बंद गाडी तासाभरात बाहेरच्या हवेपेक्षा वीस अंशांनी तापू शकते, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. येडशीला आमच्यापुढे रांगणाऱ्या त्या ट्रकचा ड्रायव्हर इंजिनच्या धगीत दिवसभर बसला होता. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांच्या केबिनला एसी आता सक्तीचा झाला आहे. फार उशिरा झाला, पण झाला.

साडेचारला आम्ही येडशी सोडली. मिस्त्रींच्या घरच्यांनी अम्मींच्या हातात पाण्याची बाटली आणि ओलं फडकं दिलं. अम्मींनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. चौसाळ्याजवळ फोन आला, निकाह झाला. मुलाने गाडी बाजूला घेतली आणि सगळ्यांनी तिथेच दुआ केली. बीडला पोचलो तेव्हा मगरिब होऊन गेली होती. भाची नानीच्या गळ्यात पडून बराच वेळ रडली, मग म्हणाली, "कबूल म्हणताना मी दाराकडे बघत होते."

परतल्यावर घरात वाद झाला. कंडेन्सर, ड्रायर, व्हॅक्यूम, गॅस मिळून बारा हजारांच्या आसपास सांगितले. मुलगा म्हणाला, एवढे घालण्यापेक्षा गाडी विकून टाकू. गिऱ्हाईक यायच्या सकाळी गॅस भरायचा, गाडी बर्फासारखी लागेल. बोलताना त्याला स्वतःलाच काही कळलं नाही. आम्हाला मात्र दोन वर्षांपूर्वीचा तो बर्फासारखा झोत आठवला. अम्मी आतल्या खोलीतून म्हणाल्या, "विकायची तर ऐब सांगून विका." बाजारातल्या धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल दाखवून देणारी हदीस या घरात प्रत्येकाने लहानपणी त्यांच्याच तोंडून ऐकली आहे. मुलाने पुढे विषय काढला नाही. ऐब सांगून विकली तर गाडी बारा हजारांनी कमीच जाणार, मग दुरुस्त का करू नये, असं शेवटी त्यानेच म्हटलं.

गल्लीजवळच्या दुकानातही आम्ही गेलो. भांडायला नाही. बदललेला कंडेन्सर पिशवीतून नेला, डाग दाखवला. तो बघत राहिला, म्हणाला, "व्हॅक्यूम पंप पंधरा हजारांचा येतो, साहेब. गिऱ्हाईक पंधराशेत काम मागतं." त्याच्या म्हणण्यातही तथ्य होतं. आम्हीच त्याला तिन्ही वेळा म्हणालो होतो, लवकर करा, स्वस्तात करा.

नवा कंडेन्सर बसल्यावर मुलाने झोतात तापमापी धरून बघितली, नऊ अंश. मागच्या शुक्रवारी अम्मींना डॉक्टरांकडे घेऊन निघालो. चौकही ओलांडला नव्हता तोवर त्यांनी पदर डोक्यावरून कानाशी घट्ट ओढला आणि म्हणाल्या, "जरा कमी करा रे तो. दात वाजायला लागले."